हेस्टर म्हणाली, ब्रेक लागत नाही

मी एक जुनी सायकल आहे. माझा हिरवा रंग हँडलजवळ तेवढा उरला आहे. बाकीचा यॉर्कशरच्या पावसाने नेला. मित्रांनो, तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची सवय मला माझ्या माणसांनीच लावली. ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, एकमेकांना 'मित्र' म्हणतात. त्यांच्यात ना पुजारी, ना भजन. सगळे गप्प बसतात. ज्याला आतून काही सुचेल तो बोलतो, आणि त्याला कोणी उत्तर द्यायचे नाही. शब्द मनात मुरवायचे.

बसून गप्प राहत होते तोवर ठीक होते. पण महिन्यातल्या एका रविवारी हे लोक सायकलींवर गप्प राहतात! सात सायकली एका रांगेत, टेकडी ओलांडून पलीकडच्या खोऱ्यातल्या प्रार्थनाघरापर्यंत.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यातून मी थेट हेस्टरकडे आले. ती तेव्हा बावीस वर्षांची शिक्षिका होती. दर शनिवारी तेल, दर पावसानंतर कोरडे फडके. बावन्न वर्षांत मी तिला एकदाही पाडले नाही. मग तिने मला क्वेकरांच्या सभेच्या सामायिक सायकलींत देऊन टाकले, आणि माझे दिवस फिरले. एकाची सायकल असते तेव्हा तो तेल घालतो. सगळ्यांची झाली की सगळे तिच्याबद्दल नुसती कृतज्ञता बाळगतात.

यंदा माझ्या ब्रेकचे रबर झिजले. हे लोक मतदान करत नाहीत. सगळ्यांची मने जुळेपर्यंत थांबतात. नवे रबर घ्यावे की जुनेच घासून चालवावे, याबद्दल सभेतल्या डॉर्कसबाईंच्या मनात 'अजून स्पष्टता' नव्हती. चिटणीस ऍल्विनने विषय पुढच्या सभेवर ढकलला. तिथून त्याच्या पुढच्या. तीन सभा झाल्या, नऊ किटल्या चहा झाला. रबर दोनच हवे होते, तेवढे मात्र आले नाहीत.

ऑक्टोबरातला रविवार. हेस्टर सवयीने माझ्यावरच बसली. टेकडीचा उतार लागला. खाली काटकोनातले वळण, त्यापुढे पूल आणि नदी. तिने ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "माझा ब्रेक लागत नाहीये."

शांतता. पुढच्या ऍल्विनने सावकाश, समाधानाने मान हलवली. मागे कोणीतरी खोल श्वास घेतला.

थोड्या वेळाने डॉर्कस भारावून म्हणाली, "खरं तर, आपल्यापैकी कुणाचा लागतो?"

पुन्हा शांतता. माझा वेग वाढतच होता.

"अगं बाई, खरा ब्रेक! रबराचा!" हेस्टर ओरडली. "ऍल्विन, सरक बाजूला!"

ऍल्विन सरकला, पण शब्द मुरवत मुरवत. हेस्टरने हँडल गवतात वळवले. मी मेंढ्यांच्या दगडी कुंपणाला, ती चिखलात.

"हेस्टर! लागलं का गं?"

"मनगट गेलं बहुतेक."

"आम्हाला वाटलं, तुझ्या तोंडून देवच..."

"देव कशाला सायकलवर बसेल, ऍल्विन? आणि तुमच्याबरोबर?"

डॉर्कस रडत चिखलात बसली. "माझं मन आता स्पष्ट झालंय. नवे रबर घ्या."

"वा! अगदी वेळेवर झालं हो!"

पुढच्या रविवारी ऍल्विन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. नवे रबर लावले, चाक फिरवले, ब्रेक दाबला. पुन्हा फिरवले, पुन्हा दाबला. तासभर एक शब्द बोलला नाही. त्यांची ती एकच शांतता मला आवडली.

म्हणून सांगते, मित्रांनो, कोणी 'ब्रेक लागत नाही' म्हटले, तर आधी वाकून ब्रेक बघा. अर्थ नंतर काढा.

मनगट जुळल्यावर, वसंतात, हेस्टर पुन्हा माझ्यावर बसली. रांग गप्प होती. उतार लागला, आणि पुढचे-मागचे सहाही जण एकदम ओरडले, "लागतोय ना?"

"लागतोय, लागतोय!" हेस्टर म्हणाली. "आता गप्प बसा बघू."