टाकीतलं पाणी

कोंबड्यांच्या कारखान्यात दोघी जावा शेजारीशेजारी उभ्या राहायच्या. यंत्राने बाहेर ओढलेली आतडी थोरली सुरीने कापायची आणि धाकटी पोटात हात घालून उरलंसुरलं काढायची. साखळीला उलट्या टांगलेल्या कोंबड्या पुढे सरकत गार पाण्याच्या टाकीत पडायच्या.

यंत्र महिनाभर बिघडलेलं होतं. आतडी आतच फाटायची, घाण मांसावर सांडायची आणि टाकीत एकीची सगळ्यांना लागायची. थोरलीने सुपरवायझरला तीनदा सांगितलं.

"वहिनी, शिजवल्यावर सगळं मरतं," तो म्हणायचा. "तुम्ही हात चालवा."

शनिवारी कामगारांना एकेक कोंबडी वाटली. धाकटीने घरी नेऊन ती पाटावर कापली, पाट नुसता पुसला आणि त्यावरच लेकीसाठी काकडी चिरली. तीन दिवसांनी पोरीला रक्ताचे जुलाब लागले. नवव्या दिवशी ती गेली. सहा वर्षांची होती.

धाकटी कामावर परतली त्या सकाळी सुपरवायझर जवळ आला. "वाईट झालं. पण घरी नीट काळजी घ्यायला नको का?"

धाकटीने थोरलीच्या हातातली सुरी हिसकावली. पहिला वार त्याच्या खांद्यात घुसला, दुसऱ्याने गाल कानापर्यंत फाटला. तो टाकीच्या कठड्यावर कोसळला. तिने केस धरून त्याचं तोंड गुलाबी पाण्यात दाबलं.

"पी! मरतं ना सगळं? पी!"

तिसरा वार मानेवर यायच्या आत थोरलीने पातं मुठीत धरलं.

"ताई, सोड!"

"नाही सोडणार!"

धाकटीने सुरी ओढली. थोरलीची बोटं हाडापर्यंत चिरली, पण मूठ सुटली नाही. तेवढ्यात बाकीच्यांनी धाकटीला मागे खेचलं. वर साखळी चालूच होती. रक्ताने माखलेल्या कोंबड्या धपाधप पाण्यात पडत होत्या.

"लाइन बंद करू नका!" मॅनेजर केबिनमधून ओरडला. "माल अडकेल!"

थोरलीने त्याच चिरलेल्या हाताने लाल बटणावर बुक्की मारली.

पोलिसांमागोमाग आरोग्य खात्याची माणसं आली. पोरीच्या तपासणीत सापडलेले जंतू टाकीच्या पाण्यातही निघाले. कारखान्याला सील लागलं. सुपरवायझर वाचला, पण त्याचं तोंड वाकडंच राहिलं. धाकटीला पाच वर्षांची शिक्षा झाली.

थोरलीची दोन बोटं आता वळत नाहीत. ती दर महिन्याला तुरुंगात भेटायला जाते. जाळीपलीकडून धाकटी दरवेळी तेच विचारते, "कशाला अडवलंस मला?"

 थोरली विचारते, "जेवलीस का?"