पुसलेला गोल

जगातला कोणताही निर्णय शेवटी ‘हो’ किंवा ‘नाही’ या दोनच खुंट्यांना जाऊन अडकतो, मधला सगळा गलबला ही निव्वळ माणसांची हौस आहे, असा सिद्धांत रेवाराम पटले यांनी धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या एसटी स्टँडवर मोठ्या आवाजात मांडला. टपरीवाल्या शालीकरामने त्यांना एवढंच विचारलं होतं, की चहा ठेवू का.

“मंग ठेऊ का नोको?” शालीकराम म्हणाला.

“थांब ना बापा. इचार करून राहिलो.”

विचार चालू असतानाच बस आली आणि चहाचा प्रश्न निकालात निघाला.

रेवारामजी शेती करत आणि सोयरिकी जुळवत. शेती बायको बघायची, त्यामुळे दोन्ही बरं चाललं होतं. सोयरिकीचा मोबदला म्हणून ते टॉवेल-टोपीच घेत. घरातली एक पेटी टोप्यांनी भरली होती. डोकं एकच असल्याने त्यांचा नाइलाज होता. त्यांची कीर्ती मात्र प्रश्नांच्या क्रमावर उभी होती. आंधी आडनाव, मंग पानी, मंग पोरगा. आडनाव एकच निघालं तर कूळ एक, म्हणजे पाणी न पिता उठायचं. नंतर शेताला कालव्याचं पाणी आहे का ते बघायचं. मग मुलाची नोकरी, आणि संध्याकाळी तो काय पितो. हे सगळं पार पडून पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, की कुणाला तरी आठवण व्हायची आणि मुलीला विचारलं जायचं. मुलगी ‘पाहू’ म्हणाली तर होकार, ‘बरं’ म्हणाली तर होकार, गप्प राहिली तर ठाम होकार. रडली, तर आनंदाने रडली.

आज त्यांच्या पिशवीत पेढ्यांचा डबा होता आणि तो स्वतःच्या मुलीसाठी होता. अर्जुनीकडचा तिलक नावाचा मुलगा काल सोनिकाला बघून गेला होता. मुलगा शाळेत मास्तर, शेती इटियाडोहच्या कालव्यावर, धानाची दोन पिकं. आज संध्याकाळी त्याचे वडील चुन्नीलाल फोन करून उत्तर विचारणार होते. सोनिका काल ‘पाहू’ म्हणाली होती. पेढे घ्यायला आणखी काय लागतं?

घरी पोचले तेव्हा सोनिका सारवलेल्या अंगणात तांदळाचं पीठ घेऊन बसली होती. पुण्याच्या एका कंपनीत ती चिपांचे आराखडे तपासायची. बाजूला फुलवंताबाई, म्हणजे तिची आई, सुपात तांदूळ पाखडत होत्या. धान कापून झालं होतं, उन्हाला पेंढ्याचा वास होता, आणि गावातली कोंबडीसुद्धा अर्धवट झोपेत चालत होती.

“काय काढून राहिली वो बाई? दिवाळी तं झाली.”

“हापिसातलं काम हाय, बाबूजी. बायनरी डिसिजन डायग्राम म्हणतात याले.”

रेवारामजी खाटेवर टेकले. सोनिकाने समजावलं. गोल म्हणजे प्रश्न. गोलातून दोन रेघा निघतात, हो असेल तर सलग, नाही असेल तर तुटक. रेघ दुसऱ्या प्रश्नावर जाते, असं करत करत सगळ्यात खाली दोन चौकोन, एक आणि शून्य. एक म्हणजे जमलं.

“एवढ्यासाठी पगार देतेत?”

“चिपेमंधी लाख बटनं असतात, बाबूजी. जुना आराखडा न् नवा आराखडा एकच काम करते का, हे एकेक बटन दाबून पाहाले जल्म पुरत नाही. म्हनून दोघायचंबी चित्र काढाचं. प्रश्नायचा क्रम सारखा ठेवाचा. फालतू होते ते काढून टाकाचं. मंग चित्रं सारखी निंगाली तं काम सारखंच.”

“फालतू कसं ओळखाचं?”

“दोन जागी एकच तुकडा असन तं एकच ठेवाचा. न् ज्या गोलाच्या दोनी रेघा एकाच जागी जातेत, तो गोल पुसून टाकाचा. तो प्रश्न इचारला काय न् नाही इचारला काय.”

रेवारामजी उठून बसले. आयुष्यभर आपण जे करत आलो त्याला पुण्यात ऑफिस आहे, हे त्यांना आज कळलं होतं.

“हे तं माहाच काम हाय! काढ, माही सोयरीक काढ!”

सोनिकाने काढलं. वरचा गोल आडनावाचा. एकच असेल तर रेघ थेट शून्यावर. दुसरा पाण्याचा. तिसरा मुलाचा. रेवारामजी वाकून सांगत होते, पीठ पडत होतं, आणि चित्र अंगणभर पसरत चाललं होतं.

“आता पोरीचा गोल,” सोनिका म्हणाली. “तिनं हाव म्हटलं तं?”

“तं एक. लगन.”

“नाही म्हटलं तं?”

“तं मावशी समजावते तिले. पोरगी समजते.”

“मंग?”

“मंग लगन.”

सोनिकाने सलग रेघ एकावर नेली. तुटक रेघही एकावरच नेली. रेवारामजींनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. नवीन शिकलेला नियम वापरायला मिळण्यासारखा आनंद नाही.

“दोनी एकाच जागी! हा फालतू झाला!” असं म्हणून त्यांनी पाय पुढे केला आणि तो गोल पुसून टाकला.

सोनिकाने हातातलं पिठाचं ताट खाली ठेवलं.

“आता सांगा,” सोनिका हळू म्हणाली, “हे चित्र कोनाच्या सोयरिकीचं हाय? माह्या, मुन्नी मावशीच्या, का मायच्या?”

रेवारामजींनी पाहिलं. “सारखंच तं हाय.”

“हाव. सारखंच हाय.”

सूप थांबलं होतं. फुलवंताबाई पुसलेल्या जागेकडे पाहत होत्या. मग त्या पुन्हा पाखडू लागल्या.

रेवारामजी खाटेवर आडवे झाले. अडचणीत झोप येणं ही त्यांच्या घराण्याची देणगी होती. सुपाचा आवाज लांब लांब गेला आणि अंगण धानाच्या बांध्यांमध्ये, पाण्याने भरलेल्या खाचरांमध्ये, मिसळलं. पिठाच्या रेघा त्यांच्या कडेचे मातीचे धुरे झाल्या. त्यांच्यामधून पाणी चाललं होतं, प्रत्येक वळणावर थांबून, इकडे का तिकडे असं जरा विचारून. रेवारामजी त्याच्यासोबत टोपी हातात घेऊन चालत होते. शेवटच्या बांधीत हिरव्या लुगड्यातली एक पोरगी पोटरीभर पाण्यात उभी होती. पाणी तिच्यापाशी फाटायचं, दोन्ही बाजूंनी वाहायचं आणि तिच्या मागे पुन्हा एक होऊन पुढे जायचं, जणू मध्ये कुणी नव्हतंच. ती फुलवंता होती. तिच्या हातात पोह्यांची बशी होती आणि ती काहीतरी सांगत होती. ओठ हलताना दिसत होते.

“काय म्हनून राहिली?” ते ओरडले.

पाण्याने ऐकलं नाही. ते वाहतच होतं.

फोन वाजला. ऊन कलंडलं होतं. फोन चुन्नीलालचा होता. रेवारामजी उठले, फोन खाटेवर वाजतच ठेवला, आणि गुडघ्यांवर बसून पिठाचं ताट ओढलं. सगळ्यात वर, आडनावाच्याही वर, त्यांनी एक वाकडा गोल काढला. सलग रेघ आडनावाकडे नेली. तुटक रेघ अंगणाच्या कडेकडेने, पाण्याला आणि मास्तरकीला न शिवता, थेट शून्यावर.

“आता पुसता येते का?” त्यांनी विचारलं.

“नाही, बाबूजी.” सोनिकाचा आवाज जरा ओला होता. “दोन रेघा दोन जागी गेल्या.”

“मंग सांग. हाव का नाही?”

“नाही.”

“पाहू म्हनलीस तू काल.”

“काल इचारलं कोठी होतं?”

फोन थांबून पुन्हा वाजू लागला. रेवारामजींनी उचलला. “चुन्नीलालभाऊ, पोरगी नाही म्हनते… नाही, तिलकमंधी काई खोट नाही, हिरा हाय पोरगा… नाही जी, समजावू कोठी? मधात जागाच नाही. रेघ सिद्दी शून्यावर जाते… कोनती रेघ म्हंजे? पिठाची.”

पलीकडून बराच वेळ काही बोलणं आलं. त्यात ‘रेवाराम’ आणि ‘जबान’ हे शब्द वारंवार होते. रेवारामजी ‘हाव जी, हाव जी’ म्हणत राहिले. फोन बंद झाला तेव्हा, अर्जुनीकडची एकही टोपी आता आपल्याला मिळणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

सोनिका दिवा लावायला आत गेली. रेवारामजी जमिनीवरच बसून राहिले. वारा सुटला होता आणि रेघांच्या कडा धूसर होत होत्या. कालव्याच्या पाण्याचा गोल तर केव्हाच विरून गेला होता.

“सोनिकाची माय,” ते म्हणाले, “मी तुले पाहाले आलो होतो, तवा तुले इचारलं होतं ना? तू काय म्हनली होतीस?”

फुलवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. पदराने हातावरचा कोंडा झटकला. पुसलेल्या गोलाच्या जागी एक कोंबडी उरलेलं पीठ टिपत होती. तिला त्यांनी हाकललं नाही.

“पेढ्याचा डबा तुमच्या मांगं हाय,” त्या म्हणाल्या. “सरकवा जरा इकडे. पोरीचं तोंड गोड कराचं हाय.”