फळ्याकडे तोंड करून

मित्रांनो, माझा जन्म पांढऱ्या फळ्याचा, पण आता मी पिवळट पडलो आहे. सिनेमा शिकवणाऱ्या एका कॉलेजात, पटकथेच्या वर्गात मला भिंतीवर ठोकलं होतं. मुलांच्या अर्धवट गोष्टी अंगावर घ्यायच्या, हे माझं काम. मुलं लिहायची, डोकं खाजवायची, पुसायची, पुन्हा लिहायची. गोष्ट जमली की कॅमेरे उचलून बाहेर पळायची. त्या गोष्टींचं पुढे काय झालं, ते मला कधीच कळत नसे. पण सर म्हणायचे, "हा फळा नसता तर अर्ध्या पटकथा डोक्यातच राहिल्या असत्या." तेवढ्यावर मी कितीतरी दिवस खूश असायचो.

एका वर्षी वर्गात एक मुलगी आली. ती बोलताना अडखळायची. मुलं तिला 'ब्रेक' म्हणायची आणि तिचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळी व्हायची. हळूहळू तिने बोलणंच सोडलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे गेले की ती डबा घेऊन माझ्यासमोर बसायची आणि तिची गोष्ट मला मोठ्याने सांगत एकेक प्रसंग माझ्यावर लिहायची.

गोष्ट घरचीच होती. भाऊ भांडून घर सोडून गेला, आणि आई अजून त्याच्या सायकलमध्ये हवा भरून ठेवते. सरांनी ती वाचली आणि म्हणाले, "छान आहे. पण या आईला हवंय काय?"

ती घरी जाऊन आईलाच विचारून आली. मग तिने आईचं उत्तर माझ्यावर लिहिलं : 'दादा यायचा तेव्हा येईल. मला सायकल शिकायची आहे. पण या वयात लोक हसतील.' ते तिने पुन्हा एकदा वाचलं. मग तिने आधीचे सगळे प्रसंग पुसून टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढे पिचचा दिवस आला. पिच म्हणजे आपला लघुपट का करावा, हे परीक्षकांना पटवून देणं. त्या वर्षी कॉलेज एकाच पटकथेला कॅमेरा देणार होतं. ती उभी राहिली आणि पहिल्याच शब्दाला जीभ अडली. मागून कुणीतरी तो शब्द पुरा केला. हशा पिकला. तशी तिने सगळ्यांकडे पाठ केली आणि माझ्याकडे तोंड करून बोलू लागली.

"अगं, इकडे बघून सांग," परीक्षक बाई म्हणाल्या.

"असंच सांगू द्या, मॅडम. याच्यासमोर म... मला भीती वाटत नाही."

ती अडखळत राहिली, पण थांबली नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "आईचं काम कोण करणार?"

"आईच. तिला आता य... येते सायकल."

कॅमेरा तिला मिळाला. तिचा लघुपट शेजारच्या सभागृहात दाखवला, तेव्हा भिंतीपलीकडच्या टाळ्या मला ऐकू आल्या. वाटलं, ती एकदा डोकावेल. ती आली नाही. तिला दोष देत नाही. तिला आता बोलायला माणसं मिळाली होती.

नंतर वर्गात मोठा स्क्रीन आला. मला काढून बोळात मोडक्या खुर्च्यांमागे, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आता कुणी माझ्यावर रेघोट्या मारल्या तरी चालेल, असं वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी म्हणेनच. पण तुमच्या वर्गात कुणी अडखळत बोलत असेल, तर त्याचा शब्द हिसकावून घेऊ नका. जरा थांबा. ऐकायला फक्त फळा उरावा, अशी वेळ कुणावर येऊ देऊ नका.