बाबांच्या आवाजावरची अट

बाबा बसस्थानकावर उद्घोषक होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज जाणार हे कळल्यावर ताई आणि तिच्या धाकट्या भावानं तीन आठवडे त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि एक प्रोग्राम लिहिला. टाइप केलं की संगणक बाबांच्या आवाजात बोलायचा. अडखळत, पण बोलायचा.

प्रोग्राम त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला. अट ताईची: कुणीही वापरावा, बदलावा, मात्र बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला, तर त्याचा कोडही असाच खुला द्यावा.

वर्षभरात बोलकी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं विचारणा केली. त्यांना प्रोग्राम हवा होता, अट नको होती. कंपनीपुरती सूट द्यायला दोघांच्याही सह्या लागणार होत्या. भावाचं म्हणणं, या अटीपायी प्रोग्राम सुधारायला कुणी फिरकत नाही. ताई म्हणायची, आपलंच घेऊन आपल्यालाच कुलूप लावतील. आठवडाभर दोघांचं वाजत राहिलं.

शेवटी भाऊ म्हणाला, "ताई, तुझं तत्त्व बाबांच्या घशाला काय कामाचं?"

ते तिला लागलं. तिनं सही केली.

यंत्र खरोखर सुरेख निघालं. खिशात मावणारं, आवाज हुबेहूब, शेवटचं अक्षर ओढायची लकबसुद्धा. बाबा पुन्हा भाजीवाल्याशी हुज्जत घालू लागले. जुन्या प्रोग्रामकडे मग कुणी बघेना.

तीन वर्षांनी ती कंपनी दुसरीनं विकत घेतली आणि यंत्रांची सेवा बंद केली. आवाज त्यांच्याच संगणकांवर होता. एका सकाळी बाबांनी बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. भावानं पत्रांवर पत्रं पाठवली. सुधारलेला कोड आमच्या मालकीचा आहे, एवढंच उत्तर आलं.

त्यानं जुना प्रोग्राम उघडला. नव्या संगणकावर तो सुरूच होईना. ताई शेजारी खुर्ची ओढून बसली.

"म्हण ना, मी सांगितलं होतं म्हणून," भाऊ म्हणाला.

"सही माझीही आहे," ती म्हणाली.

दोन महिने खपून त्यांनी तो चालता केला. बाबांनी एक वाक्य टाइप करून ते पूर्वीसारखंच अडखळतं बोलणं ऐकलं. मग कागद ओढून लिहिलं, 'हा मी नाही.'

प्रोग्राम पुन्हा खुला करताना अट भावानं स्वतः टाइप केली. सुधारायला अजून कुणी आलेलं नाही. बाबा वहीत लिहून सांगतात. हल्ली तेही कमी झालंय.