काचेवरची लाल खूण

मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नाही आणि तराजूचाही नाही. एका पिकअप ट्रकच्या डॅशबोर्डवर, अगदी मधोमध, पेल्याच्या तोंडाएवढी एक गोल काळी डबी बसवलेली आहे. तिच्यातला नारिंगी रंगाचा जाड काटा म्हणजे मी. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापला आहे, एवढेच मी सांगतो. गाडी किती पळते, डिझेल किती उरले, हे मला विचारू नका. ती कामे करायला दुसरे काटे आहेत आणि त्यांना त्याचा बराच अभिमानही आहे.

मित्रांनो, माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. माझ्यासारखे शंभरएक काटे तिथे ओळीने पडले होते. चष्मा लावलेल्या एका बाईंनी उष्णता ओळखणारी माझी तार छोट्या भट्टीत सरकवली, दुसऱ्या तापमापकाकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. भट्टी सातशे अंशांवर होती आणि मीही बरोबर सातशेवर उभा होतो. "बरोबर," असे म्हणून त्यांनी मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले. तेवढे एक कौतुक माझ्या वाट्याला आले आणि ते मला अजून आठवते.

पुढे मी एका गॅरेजच्या फळीवर येऊन पडलो. हे गॅरेज साध्या दुरुस्तीचे नव्हते. कंपनीने गाडीला जेवढी ताकद दिली, तेवढी ज्यांना पुरत नाही, अशी माणसे तिथे येत. गॅरेजचा मालक इंजिनाच्या कॉम्प्युटरला आपला लॅपटॉप जोडून हवेचे आणि डिझेलचे गणित बदलून द्यायचा. येणारे सगळे घाईत असत. कोणाला शेजाऱ्याची गाडी मागे टाकायची असे, तर कोणाला मेव्हण्याची जिरवायची असे. आणि हा बाबा प्रत्येकाला पहिला शब्द म्हणायचा, "थांबा." त्यावरून त्याचे नावच थांबामिस्त्री पडले होते. गाड्यांचा वेग वाढवून देणाऱ्या माणसाला असे नाव पडलेले मी दुसरे पाहिले नाही.

एक दिवस एक बाई आपला पिकअप घेऊन आल्या. त्याच पुढे माझ्या मालकीणबाई झाल्या. त्या मधमाश्या पाळत.

"मला शर्यत लावायची नाही," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "छत्तीस पेट्या घेऊन डोंगरावर चढायचंय. वरची फुलं जेमतेम तीन आठवडे टिकतात. आदल्या संध्याकाळी माश्या घरात परतल्या की आम्ही पेट्यांची दारं जाळीने बंद करतो, आणि पहाटे निघतो. ऊन चढायच्या आत पोचलो नाही, तर आतल्या आत गुदमरतात बिचाऱ्या. मेण वितळून अंगावर येतं. आणि ही गाडी चढावर अशी धापा टाकते, की पायी गेलेलं बरं."

"होईल," मिस्त्री म्हणाला. "पण थांबा. आधी काटा, मग ताकद."

असे म्हणून त्याने फळीवरून मला उचलले.

या गाडीच्या इंजिनाला टर्बो आहे. टर्बो म्हणजे एक लहानसा पंखा. बाहेर जाणारा तापलेला धूर त्याला गरगर फिरवतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा असली की जास्त डिझेल जाळता येते आणि ताकद वाढते. टर्बो म्हणजे आमच्या घरातले लाडावलेले कार्टे. चढ आला की त्याची शिट्टी सुरू होते आणि ऐकणारे माना डोलावतात. माझ्यासाठी आजवर कोणी मान डोलावली नाही. पण हवा कमी पडली आणि डिझेल जास्त झाले, की धूर प्रमाणाबाहेर तापतो. तसाच तापत राहिला तर आधी टर्बो जातो, मग पिस्टन वितळतो. हे कोणाच्याही आधी मला कळते.

मिस्त्रीने माझी तार थेट इंजिनाच्या धुराच्या तोंडाशी बसवली. मग गाडीत वाळूची पोती भरून तो आणि मालकीणबाई गावाबाहेरच्या चढावर तीनदा जाऊन आले. प्रत्येक फेरीनंतर तो लॅपटॉपमध्ये थोडे डिझेल कमी करी, थोडी हवा वाढवी आणि पुन्हा माझ्याकडे बघत बसे. तिसऱ्या फेरीत गाडी अशी चढली की मालकीणबाई हसायलाच लागल्या.

"अजून थोडी ताकद निघेल का हो?" त्यांनी विचारले.

"निघेल की. पण मग काटा पुढे जाईल. इंजिनच वितळलं, तर ती ताकद काय लोणच्यासारखी बरणीत भरून ठेवणार आहात?"

मग त्याने खणातून बायकोची लाल नेलपॉलिश काढली. "घरी बोलू नका," असे म्हणत माझ्या काचेवर साडेसहाशेच्या आकड्यासमोर केसाएवढी बारीक रेघ ओढली.

"काटा या रेघेला टेकला की पाय उचलायचा. आणि चढ संपला की गाडी लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं नुसती चालू ठेवून थांबायचं. टर्बोला निवू द्यायचं."

सात वर्षे मी त्या रेघेखाली काम केले. दर हंगामाला मालकीणबाईंचा नवरा एक दिवस आधी वर जाई, पेट्यांसाठी दगडांचे ओटे रचून ठेवी. गाडी मालकीणबाई चालवत आणि शेजारी बसत त्यांचे सासरे, आप्पा. माश्यांचा धंदा मूळचा आप्पांचा. आता त्यांचे डोळे अधू झाले होते. माझे आकडे त्यांना दिसत नसत आणि काचेवरची ती बारीक रेघ तर नाहीच नाही. पण मी जाड आणि नारिंगी. त्यामुळे मी कुठल्या दिशेला तोंड करून आहे, तेवढे त्यांना समजे. त्यांनी मला घड्याळच करून टाकले होते.

"एक वाजला," आप्पा म्हणत. थोड्या वेळाने, "दीड." अवघड वळणावर, "पावणेदोन झाले, जरा बेताने घे गं."

"आप्पा, ते घड्याळ नाही हो!"

"असू दे. मला तेवढंच दिसतं."

मालकीणबाई हसत. म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा, असे त्यांना वाटे. त्या स्वतः फक्त लाल रेघेकडे बघत. मी रेघेच्या अलीकडे आहे की नाही, एवढे त्यांना पुरे होते. माझे आकडे अगदी ठसठशीत होते, पण सात वर्षांत ते कोणीही वाचले नाहीत. मला त्याचे वाईट वाटे. भट्टीपुढे बसून ज्यांनी मला सातशेवर आणले, त्या बाईंनी काय उगाच डोळे फोडून घेतले होते का?

हळूहळू माझ्या डबीत धूळ शिरली. काच आतून पांढुरकी झाली. आठव्या हंगामाच्या आधी एका दुपारी मालकीणबाईंनी अंगणात गाडी धुवायला काढली. पुढची कड फिरवून त्यांनी माझी काच काढली आणि मऊ फडक्याने आतून पुसली. बाहेरून पुसताना मिस्त्रीची रेघ निघू नये म्हणून बोटाला फडके गुंडाळून तिच्या कडेकडेने हात फिरवला. इतक्या मायेने मला आजवर कोणी हाताळले नव्हते. मग त्यांनी काच परत बसवली आणि कड घट्ट केली.

रेघ जराही पुसली गेली नाही. पण काच फिरली होती. साडेसहाशेसमोरची लाल रेघ आता पावणेआठशेसमोर जाऊन बसली होती. आप्पांच्या भाषेत सांगायचे तर दोनवरची रेघ तीनच्याही पुढे गेली होती. मी ते पाहिले, पण मला कुठे बोलता येते? मी आपला शून्यावर पडून राहिलो.

त्या हंगामात निघतानाच माशी शिंकली. डोंगराच्या पायथ्याशी चाक पंक्चर झाले. ते बदलण्यात पाऊण तास गेला आणि चढाला लागलो तेव्हा ऊन बॉनेटवर आले होते. मागे छत्तीस पेट्यांतून माश्यांचा आवाज चढत चालला होता. त्यातच टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप एका जागी चिरला. निम्मी हवा वाटेतच निसटू लागली. गाडी ओढेना, म्हणून मालकीणबाईंनी पाय आणखी दाबला. डिझेल वाढले आणि हवा कमीच राहिली. मी चढू लागलो.

"दोन वाजले," आप्पा म्हणाले.

मालकीणबाईंनी रेघेकडे पाहिले. ती अजून पुष्कळ लांब होती. त्यांनी पाय तसाच ठेवला.

"अडीच. अगं, अडीच झाले."

"आहे हो माझं लक्ष. खूण लांब आहे अजून."

पुढचे वळण आले.

"तीन," आप्पा म्हणाले. "पाय उचल."

"आप्पा, पुरे झालं तुमचं घड्याळ! मागे पेट्या तापतायत, आणि तुम्ही..." त्यांचा आवाज फाटला. आप्पांशी त्या अशा कधी बोलल्या नव्हत्या.

 आप्पा शांतपणे म्हणाले, "ओरड हवी तर. पण सात वर्षांत या चढावर कधी तीन वाजले नाहीत."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. या वेळी त्यांनी रेघ पाहिली नाही, माझ्या टोकासमोरचा आकडा वाचला. साडेसातशे.  त्यांनी पाय उचलला आणि पुढच्या वळणावर कड्याची थोडी सावली होती, तिथे गाडी घेतली. त्यांचा हात किल्लीकडे गेला, तेव्हा आप्पांनी तो वरच्यावर धरला.

"थांब. दोन मिनिटं."

मित्रांनो, त्या दोन मिनिटांत मी हळूहळू खाली आलो. इतक्या आनंदाने मी कधी उतरलो नव्हतो.

मग दोघांनी प्यायचे सगळे पाणी पेट्यांच्या जाळ्यांवर शिंपडले आणि ओली पोती वर टाकली. मालकीणबाईंनी चिरलेला पाइप शोधला, पंक्चर झालेल्या चाकातली ट्यूब कापून तिची पट्टी त्यावर आवळली आणि पेट्या बांधायच्या पट्ट्याने ती करकचून बांधली. उरलेला चढ आम्ही सावकाश चढलो. आप्पा वेळ सांगत होते आणि दर वेळी मालकीणबाई म्हणत होत्या, "हो आप्पा."

वर पोचलो तेव्हा चौतीस पेट्या गुणगुणत होत्या. कडेच्या दोन पेट्यांतून काहीच आवाज येत नव्हता. मालकीणबाईंनी त्यांची झाकणे उघडली आणि तिथेच जमिनीवर बसून त्या रडल्या. नवरा पाणी घेऊन आला, तो नुसता शेजारी उभा राहिला. आप्पांनी दोन्ही झाकणे परत लावली आणि म्हणाले, "चल, चौतिसांची दारं उघडायचीत अजून."

हंगाम संपल्यावर गाडी मिस्त्रीकडे गेली. त्याने टर्बो उघडून पाहिला.

"अजून चार वळणं अशीच चढला असतात, तर पिस्टन गेला असता," तो म्हणाला. "मग भर उन्हात, चढावर, छत्तीसच्या छत्तीस पेट्या."

"पण खूण तर लांब होती," मालकीणबाई म्हणाल्या. "काटाच बिघडलाय, असं वाटलं मला."

मिस्त्रीने काच निरखली, आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "काटा बरोबर आहे, ताई. काच फिरलीय. आणि चूक माझी आहे. खूण फिरणाऱ्या काचेवर केली, खालच्या तबकडीवर करायला हवी होती. एवढा थांबा थांबा म्हणतो, पण त्या दिवशी कड उघडायचा मलाच कंटाळा आला."

त्याने कड उघडली आणि या वेळी रेघ काचेखाली, तबकडीवर, आकड्याला चिकटून ओढली. काचेवरची जुनी रेघ खरवडून टाकली. मालकीणबाईंनी आप्पांना विचारले, "तुम्हाला खूण दिसत नव्हती ना?"

"कसली खूण?" आप्पा म्हणाले.

त्यानंतर आप्पा चार हंगाम आमच्याबरोबर आले. पाचव्या हंगामाला ते नव्हते. त्या पहाटे शेजारची जागा रिकामी होती. मालकीणबाईंनी तिथे कसलेही सामान ठेवले नाही. चढ सुरू झाला, टर्बोने शिट्टी धरली आणि अवघड वळणावर मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहून मोठ्याने म्हटले, "पावणेदोन झाले, आप्पा. बेताने घेतेय." मला त्या क्षणी वाटले, आपण घड्याळच असतो तर किती बरे झाले असते.

आता गाडीचे वय झाले आहे. ती छपरात उभी असते आणि हंगामापुरती बाहेर निघते. बाकीचे दिवस मी शून्यावर पडून असतो. माझ्या काचेवर पुन्हा धूळ बसली आहे. कोणी ती काच काढून पुसली तर मला आवडेल, मी काही नाही म्हणणार नाही. पण मित्रांनो, काच परत बसवलीत की इंजिन सुरू करा, माझा आकडा स्वतः वाचा आणि मग शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, किती वाजले. त्याने वेगळीच वेळ सांगितली, तर त्याच्यावर ओरडू नका.