शिळा सामना

हेमलताबाईंच्या घरात फुटबॉलचा सामना नेहमी शिळा करूनच वाढला जायचा. मोठे सामने युरोपात नाहीतर त्याच्याही पलीकडे, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री. आणि श्रीकांतराव साडेनवाला आडवे झाले की थेट साडेपाचला उठायचे. मधल्या वेळात गच्चीवर विमान उतरलं असतं तरी त्यांना ते सकाळच्या पेपरातूनच कळलं असतं. सरकारी प्रयोगशाळेत उपग्रहांचे सुटे भाग तपासणारा हा माणूस, पण झोपेपुढे त्याचं काही चालत नसे. म्हणून नव्वद साली इटलीत विश्वचषक भरला तेव्हा त्यांनी व्हीसीआर आणला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं काम बायकोवर सोपवलं.

बेंगळुरूत तेव्हा वीज केव्हाही जायची. ती परत आल्यावर बटण दाबायला कुणीतरी जागं हवं, म्हणून हेमलताबाई जाग्या राहायच्या. जागं राहायचं तर बघायचं, आणि बघता बघता त्यांना सगळं कळायला लागलं, अगदी ऑफसाइडसुद्धा, जे श्रीकांतरावांच्या मते प्रयोगशाळेतल्या निम्म्या शास्त्रज्ञांना कळत नव्हतं. रात्रीचा ताजा सामना त्यांचा, दुसऱ्या दिवशीचा शिळा नवऱ्याचा. तोही बघायला त्या शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसायच्या, मांडीवर निवडायची भाजी घेऊन. नियम एकच, निकाल फोडायचा नाही. बत्तीस वर्षांत त्यांनी तो एकदाही फोडला नाही. आपण चेहऱ्यावरची रेघही हलू देत नाही, असा त्यांचा स्वतःबद्दल समज होता आणि त्याचा थोडा तोराही होता.

श्रीकांतरावांचा तोरा वेगळा. खेळ अगदी थंड चाललेला असताना ते एकदम पुढे सरकून बसायचे आणि म्हणायचे, "हेमा, आता गोल." आणि गोल व्हायचा. दरवेळी नाही, पण चारांत तीनदा तरी. प्रयोगशाळेतले मित्र त्यांना ज्योतिषी म्हणायचे. "त्यात काय एवढं? खेळ वाचता यायला हवा," असं म्हणून श्रीकांतराव पोह्यांची दुसरी बशी मागायचे.

ते फेब्रुवारीत गेले.

त्याआधी जानेवारीत डॉक्टरांनी हेमलताबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर दीड महिना. त्या घरी आल्या, नवऱ्याशेजारी बसल्या आणि अवरेकाई सोलायला घेतली. त्या दिवसांत बेंगळुरूत घरोघर त्याच शेंगा. रिपोर्टबद्दल श्रीकांतरावांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "हेमा, चहा टाक." त्या स्वयंपाकघरात गेल्या, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाआड पोटभर रडल्या. तोंड धुऊन चहा घेऊन आल्या तर श्रीकांतराव टरफलांच्या ढिगात हात घालून बसले होते. रिकामपणाचे उद्योग, असं त्यांना वाटलं. आज सांगू, उद्या सांगू करत त्यांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

दिवसकार्य आटोपलं आणि शाल्मली बोलली. शाल्मली ही त्यांची एकुलती एक मुलगी, सर्जापूर रोडला राहणारी, बोलायला बापासारखीच रोखठोक. "आई, मॅचचा रिझल्ट लपवायचीस तसाच तू हा लपवलास. बाबा शेवटपर्यंत होप धरून बसले असतील. त्यांना कुणाला भेटायचं असेल, काही बोलायचं असेल. तू परस्पर ठरवून टाकलंस." दुसऱ्या दिवशी तिने फोन करून माफी मागितली, पण शब्द आत जाऊन बसले ते बसलेच. आपण त्यांना फसवलं का? शेजारच्या माणसाला सगळं माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे त्या खुर्चीत बसून कसं वाटत असेल? दुपारी डोळा लागता लागता हा प्रश्न यायचा आणि झोप घेऊन जायचा.

भिंतीवरच्या कॅलेंडरात एक जूनच्या चौकोनात श्रीकांतरावांचं बारीक अक्षर होतं, 'इटली–आर्जेंटिना, लंडन'. युरोपचा विजेता विरुद्ध दक्षिण अमेरिकेचा विजेता, दोन खंडांत मिळून एकच सामना. इटली त्यांची नव्वद सालापासूनची लाडकी. त्या चहाच्या दिवसानंतर आठवड्याभराने त्यांनी बायकोला सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्डिंग लावायला शिकवलं होतं. एरवी रिमोटला कुणाचं बोट लागू देत नसत. "मला कशाला? तुम्ही आहात की," त्या म्हणाल्या होत्या. "येत असावं माणसाला," ते म्हणाले आणि तीनदा करून दाखवायला लावलं.

एक जूनला हेमलताबाईंनी रेकॉर्डिंग लावलं आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच, सामना न बघता झोपून गेल्या. त्यांना श्रीकांतरावांच्या खुर्चीत बसून बघायचं होतं.

सकाळी जाग आली तरी स्वप्न पुरतं सरलं नव्हतं. त्यात टीव्हीखालचा लाल दिवा होता, आणि हिरव्या मैदानाच्या कडेला कुणीतरी पोहे परतत होतं. त्या उठून बसल्या. लंडनमधला सामना केव्हाच संपला असणार, लोक घरी जाऊन झोपलेही असतील. पण इथे, एचएसआर लेआउटमधल्या या हॉलमध्ये, तो अजून झालेलाच नव्हता. पेटीच्या आत दोन्ही संघ ताजेतवाने उभे होते आणि इटली अजून जिंकू शकत होती. जानेवारीतही या घरात असेच दिवस गेले, असं त्यांच्या मनात आलं. कागदावर सगळं संपलेलं आणि हॉलमध्ये ऊन पडलेलं.

त्यांनी पेपर घडीसकट कपाटावर टाकला, मोबाइल पालथा ठेवला आणि रिमोट हातात घेतला, तर वीज गेलेली. खिडकीतून खाली हाक मारली तर वॉचमन म्हणाला, "अक्का, करंट इल्ला. स्वल्प वेट माडी."

"सरी," म्हणून त्या श्रीकांतरावांच्या खुर्चीत बसल्या. बसल्यावर ध्यानात आलं की काहीतरी कमी आहे. शेजारची वेताची खुर्ची रिकामी होती. माहीत नसणारं माणूस तयार होतं, माहीत असणारं कुणीच नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू राजस, नागपूरचा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कुठल्याशा कंपनीचं काम घरात बसून करणारा. डोळे लालभडक. हेमलताबाईंनी दार उघडलं.

"राजस, रात्री मॅच बघितलीस?"

"हो काकू, काय सांगू तुम्हाला, म्हणजे काय ती..."

"एक अक्षर बोलायचं नाही. आत ये, तुझ्याकडे काम आहे."

त्यांनी त्याला वेताच्या खुर्चीत बसवलं आणि मांडीवर गवारीचं ताट दिलं. "माझ्याबरोबर बघायचं, शेंगा मोडायच्या आणि गप्प बसायचं. मला निकाल माहीत नाही."

"पण काकू, मला तर सगळं माहितीये."

"म्हणूनच बसवलंय."

राजसने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. परमुलखात आपल्या भाषेत हुकूम सोडणारं माणूस भेटलं की पोरं मुकाट्याने ऐकतात. तो शेंगा मोडू लागला. नऊच्या सुमाराला वीज आली.

लंडनमध्ये उन्हं अजून उतरायची होती. तिथली संध्याकाळ पडद्यातून सांडून इथल्या सकाळीत मिसळली आणि हॉलमध्ये कुठल्याच वेळेचा नसलेला एक उजेड भरला. राष्ट्रगीतं झाली. इटलीचा तो उंच, टक्कल पडलेला बचावपटू डोळे मिटून गात होता. देशासाठी आज तो शेवटचंच खेळणार होता. श्रीकांतरावांचा त्याच्यावर भारी जीव. हेमलताबाईंना धास्तीही वाटली आणि मजाही, दोन्ही एकदमच, आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं. इटलीने चेंडू पुढे नेला की त्यांचे पाय खुर्चीखाली आपोआप मागे सरकत. काही ठरलेलं नाही, काहीही होऊ शकतं. असं त्यांना किती वर्षांत वाटलं नव्हतं.

मध्येच त्यांनी राजसकडे पाहिलं. पोराने चेहरा दगडासारखा ठेवला होता. शाबास, त्या मनात म्हणाल्या. त्याच्या मांडीवरून शेंगांचा बारीक आवाज येत होता, कट, कट, कट. अर्ध्या तासाच्या जरा आधी तो आवाज थांबला. त्यांनी वळून पाहिलं. अर्धी मोडलेली शेंग राजसच्या बोटांत तशीच लोंबत होती. त्यांनी पडद्याकडे मान वळवली आणि आर्जेंटिनाचा गोल झाला. मग पुन्हा कट, कट.

योगायोग असेल. पण आता त्यांचं लक्ष खेळावर राहिना. इटली चढाई करून गेली की राजसचे हात उलट भरभर चालायचे, तो मान वर करून बघतही नव्हता. जे वायाच जाणार आहे त्यासाठी शेंगा कोण थांबवेल? मध्यंतराला मिनिटभर उरलं असेल नसेल, चेंडू अजून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि हात थांबले.

"आता गोल," हेमलताबाई म्हणाल्या.

गोल झाला. आर्जेंटिनाचा दुसरा.

राजसची शेंग ताटात पडली. "काकू, तुम्ही सिरियसली नव्हती बघितली? मग कळलं कसं? मी तर चेहरापण नाही हलवला."

हेमलताबाईंनी त्याच्या मांडीवरच्या ताटाकडे पाहिलं. बत्तीस वर्षं त्यांनी चेहरा सांभाळला होता, आणि बत्तीस वर्षं तो माणूस त्यांचे हात बघत होता. मटार, गवार, पावटे, जे काय मांडीवर असेल ते. म्हणे खेळ वाचता यायला हवा. लबाड कुठला. मध्यंतरापर्यंत त्याला कळून चुकलेलं असायचं की आज इटली हरणार, तरी तो उठून गेला नाही, पोहे खात राहिला, पंचाला शिव्या देत राहिला, "थांब, अजून वीस मिनिटं आहेत," म्हणत राहिला.

आणि जानेवारीतली ती अवरेकाई. ते टरफलांच्या ढिगात हात घालून काय करत होते, हे आता त्यांना लख्ख दिसलं. ते दाणे वेचत होते. हेमलताबाईंनी स्वतःच, भान नसलेल्या हातांनी, दाणे टरफलांत आणि टरफलं पातेल्यात टाकली होती, आणि त्यांना कळायच्या आत श्रीकांतरावांनी ती निस्तरून ठेवली. चहाची त्यांना तेव्हा तलफ नव्हतीच. बायकोला रडायला जागा हवी होती, ती त्यांनी करून दिली. मग आठवड्याभराने तिला रेकॉर्डिंग शिकवलं, आणि जूनच्या चौकोनात सामना लिहून ठेवला.

त्यांना माहीत होतं. फसलं होतं ते कोण, तर आपण. आणि तेही किती मायेने फसवलेलं. शाल्मलीला संध्याकाळी बोलावून हे सांगायचं, अवरेकाईसकट, असं त्यांनी ठरवलं. छातीवरचं काहीतरी चार महिन्यांनी उतरलं आणि डोळे भरून आले.

पडद्यावर मध्यंतर संपत होतं. संघ परत आले, तो टक्कल पडलेला बचावपटू मात्र मैदानात आला नाही. राजस चुळबुळत होता. त्याने काकूंचे डोळे पाहिले होते आणि ताटातल्या शेंगा संपल्या होत्या. "काकू, बंद करू का? पुढे काही खास... म्हणजे, सॉरी."

"बंद कशाला? अजून पंचेचाळीस मिनिटं आहेत." त्यांनी पदर सावरला. "राजस, चहा टाकतोस? पावडर वरच्या फळीवर आहे. सावकाश कर, घाई नाही."

तो आत गेला, भांडी वाजली. श्रीकांतरावांच्या खुर्चीत बसून हेमलताबाई मोकळ्या मनाने रडल्या, समोर सामना चालू ठेवून. या खेपेला नळ सोडावा लागला नाही.