दोमिनारच्या वहीतली दुसरी सही

ॲन्सेल्मला जाऊन एकोणतीस दिवस झाले होते आणि उर्सुलाच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं. कावीळ झाली, गावठी औषध झालं, इस्पितळ झालं आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिचा धाकटा भाऊ चर्चच्या आवारात मातीखाली गेला. पेटी उचलली तेव्हा आई जमिनीवर आडवी झाली, भावजय रिटाला दोघीतिघींनी धरलं. उर्सुला मात्र पेटीचा एक खिळा वाकडा बसलाय, एवढंच बघत राहिली. पाचव्या दिवशी ती शाळेत गेली आणि तिसरीच्या मुलांना भागाकार शिकवला. संध्याकाळी घरी रोझरीच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायका एकमेकींच्या कानाला लागायच्या. शेवटी आईनेच तोंड उघडलं.

"रड गो पोरी. लोकं काय म्हनतात म्हायती हाय? दगड म्हनतात तुला."

"म्हणू दे," उर्सुला म्हणाली. लोक काही खोटं बोलत नव्हते. आपल्या आत काहीच हलत नाही हे तिलाही कळत होतं, आणि त्याचंही तिला काही वाटत नव्हतं.

खरं कारण ती कुणाला सांगू शकत नव्हती. चाळिशीला टेकलेल्या शाळामास्तरणीने असलं काही सांगितलं असतं तर गावाने तिच्यासाठीच नऊ दिवसांच्या प्रार्थनांचा नोव्हेना लावला असता. कारण असं, की दोमिनार देशात ॲन्सेल्म अजून मेलेला नव्हता.

दोमिनार कोणी नकाशावर शोधायला जाऊ नये. १९५१ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत, या घराच्या ओटीवर, बारा वर्षांची उर्सुला आणि नऊ वर्षांचा ॲन्सेल्म यांनी तो स्थापन केला. त्याची भाषा म्हणजे सगळी उसनवारी. अर्धे शब्द चर्चमधल्या लॅटिन मिस्सेतून, म्हणजे रविवारच्या उपासनेतून, ढापलेले. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि गावात कुणाला कळायची नाही, त्यामुळे शब्द असे बेवारशीच पडलेले असायचे. उरलेले पाचूबंदरच्या मासळीच्या लिलावातून, उलटे करून. अक्षरं गळासारखी वाकडी. वाऱ्याला चौदा शब्द होते. एकवीस राजे होऊन गेले, दोन दुष्काळ पडले, आणि केळ्यांच्या एका घडावरून झालेलं युद्ध अकरा वर्षं चाललं.

कायदा मात्र बापाकडून आला. बाप चर्चची घंटा वाजवायचा आणि फादरांच्या नोंदवह्या सांभाळायचा. एकदा एका लग्नाचा साक्षीदार सही न करताच पाचूबंदरला जेवायला निघून गेला. बाप वही पिशवीत घालून भर उन्हात सायकल मारत तिथवर गेला आणि त्याला ताटावरून उठवून सही घेऊन आला. "सही नाय तं लगीन नाय," घाम पुसत तो म्हणाला. पोरांनी तेच पहिलं कलम केलं: दोघांच्या सह्या पडल्याशिवाय दोमिनारमध्ये काहीही घडत नाही. पाऊस पडत नाही, राजा मरत नाही. लिहायला वहीदेखील चर्चचीच मिळाली, वाळवी लागली म्हणून टाकून दिलेली.

पोरपणीचे खेळ पोरपणीच सुटतात म्हणतात. यांचा सुटला नाही. ॲन्सेल्म कारखान्यात फिटर झाला, उर्सुला मास्तरीण झाली, तिचं लग्न जमता जमता राहिलं, तरी दर रविवारी मिस्सा झाली की दोघं ओटीवर वही उघडून बसायची. रिटा चहा घेऊन आली की उर्सुला वही मिटायची. आठ वर्षं मिटत होती.

ॲन्सेल्मच्या महिन्याच्या मिस्सेच्या आदल्या दिवशी, दुपारी, तिने ट्रंकेतून वही काढली. उद्या फादर वेदीवरून नाव घेणार, माणसं जेवून जाणार, आणि मग सगळ्यांच्या लेखी ॲन्सेल्म संपणार. तिच्या लेखीही तो संपायला हवा होता. नाहीतर आपण जन्मभर अशाच भागाकार शिकवत राहू, याची तिला भीती वाटली. एकोणतीस दिवसांत तिला वाटलेली ही पहिली गोष्ट.

तिने वाकड्या अक्षरांत नोंद लिहिली. दोमिनारमध्ये मेला असं म्हणत नाहीत, गलबतात बसला म्हणतात. तेव्हा लहान होती दोघं, मरण लिहायला हात धजावला नव्हता. ॲन्सेल्म गलबतात बसला. खाली तिने सही केली. शेजारची जागा रिकामी राहिली. देशाचे नागरिक दोनच, आणि दुसरा तर गलबतात बसलेला.

ती उगाच मागची पानं उलटत गेली आणि नको त्या पानावर थांबली. सन १९७०. ॲन्सेल्मचं रिटाशी लग्न. खाली त्याची सही, ऐटीत, लांब शेपटी काढून. तिच्या सहीची जागा कोरी.

"कर ना सही, बाय," तो म्हणाला होता. उद्या करते, ती म्हणाली. त्याने तीनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. चर्चमध्ये लग्न लागलं, बँड वाजला, गाव जेवलं, पण दोमिनारमध्ये रिटा आठ वर्षं कुणीच नव्हती. सरळ सांगायचं तर उर्सुलाला मत्सर वाटत होता. आईची सोन्याची पोत रिटाला गेली, वाडी तिच्या मुलांना जाणार, त्याचं उर्सुलाला काही नव्हतं. हा देश मात्र तिला द्यायचा नव्हता.

"बाय, चहा."

रिटा दारात उभी होती. काळ्या साडीत ती अर्धी झाल्यासारखी दिसत होती. उर्सुलाचा हात सवयीने वहीवर गेला आणि तिथेच राहिला. मग तिने पेन उचललं आणि त्या कोऱ्या जागी, आठ वर्षं उशिरा, सही केली. आजच्या नोंदीचं पान उघडून तिने वही रिटापुढे सरकवली.

"इथे दुसरी सही लागते."

"कसली?"

"ॲन्सेल्म गेल्याची. साक्षीदार म्हणून. मराठीत केलीस तरी चालेल."

रिटाने चहाचा पेला खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि पेन घेतलं. मराठीत नाही केली तिने. हळूहळू, जीभ दातांत धरून, तिने वाकडी अक्षरं काढली. एकही चुकलं नाही. शेवटच्या अक्षराचा गळ वरच्या बाजूला वळवायचा असतो, तोसुद्धा तिने बरोबर वळवला.

"तुला कुणी शिकवलं?"

"त्यांनीच. लग्नाच्या वर्षी. फक्त नाव." रिटा वहीकडेच बघत होती. "म्हनाले, बाय एक दिवस सही करील, मग तुला पन करावी लागेल. विसरू नये म्हनून मी ताटात पीठ पसरून गिरवायची. भाकऱ्या करताना. रोज."

उर्सुलाने नोंद पुन्हा वाचली. दोन सह्या होत्या. ॲन्सेल्म मेला होता.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आई मागच्या वाडीतून मातीच्या हातांनी धावत आली. रिटाने उर्सुलाचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. शाई अजून ओली होती, म्हणून दुसऱ्या हाताने तिने वही जरा बाजूला सरकवली आणि उघडीच ठेवली.